कोळंबीत गूळ

माशात गूळ घालतात एवढं नुसतं कानावर आलं असतं, तरी आमच्या आजीने चालून आलेलं सोन्यासारखं स्थळ परत पाठवलं असतं. वेंगुर्ल्याची ती. माशांच्या बाबतीत तिचा स्वतःचा कायदा होता. बांगड्याला तिरफळ हवंच. कोळंबीच्या आमटीत शेवग्याची शेंग, कैरीच्या दिवसांत कोकमाला सुट्टी, आणि नारळ मात्र बारा महिने तेरा काळ. गूळ हा देवाकडचा जिन्नस. पातोळ्या, खापरोळ्या, तवसोळी, मोदक इथे तो हवा तेवढा लागायचा, पण माशाचं वाटण ज्या पाट्यावर व्हायचं त्या पाट्याच्या आसपास गुळाची बरणी फिरकायची नाही. कुणीतरी एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली होती, "सुंगटांत गूळ? मगे लाडूच वळा तेंचे!"

गंमत म्हणजे तोच गूळ तिला डाळीत चालायचा. दादरला आमच्या खालच्या मजल्यावर एक कोकणस्थ काकू होत्या. त्यांच्याकडून आमसूल-गुळाची आमटी वाटीने वर यायची आणि आमच्याकडून कधी घावन, कधी खोबऱ्याची वडी खाली जायची. ती आमटी आजी भुरके मारून प्यायची. मग माशानेच काय घोडं मारलं, असं विचारलं की तिचं उत्तर तयार असे, "डाळीक आपली चव खंय असता?" ज्याला स्वतःची चव नाही त्याला गूळ लावावा, माशाला तो लावणं म्हणजे माशाचा अपमान. युक्तिवाद पक्का होता. मला बराच काळ तो पटलेलाही होता.

या कायद्याला सुरुंग लावला तो स्टीलच्या एका डब्याने.

वडील एका खासगी कंपनीत हिशेब बघायचे. त्यांचे साहेब पारशी, राहायला दादर पारशी कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला. साहेबांच्या पत्नीला आम्ही मुलं आंटी म्हणायचो. पारशांचं नवं वर्ष ऑगस्टात येतं. त्यांचं शहेनशाही पंचांग लीप वर्षाचा जादा दिवस धरत नाही, त्यामुळे ते दर चार वर्षांनी एकेक दिवस अलीकडे सरकत असतं. माझ्या लहानपणी ते महिन्याच्या अखेरीकडे यायचं, आता मध्यावर आलं आहे. तर त्या नवरोजला आंटी वडिलांबरोबर डबा पाठवायच्या. वरच्या खणात रवा, म्हणजे दुधातला, बेदाणे घातलेला गोड सांजाच जवळजवळ. खालच्या खणात कोलमीनो पातियो, कोळंबीचा.

आणि आपला श्रावण नेमका तेव्हाच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, होड्या पुन्हा आत जातात, बाजारात पहिली ताजी कोळंबी येते, आणि बरोबर त्याच वेळी अर्धा महाराष्ट्र तोंडाला कुलूप लावून बसतो. ही व्यवस्था कुणी लावली त्याला माशांची दया असावी, खाणाऱ्यांची नक्कीच नव्हती.

म्हणजे डब्यात दोन अपराध एकदम होते. श्रावणात कोळंबी, आणि कोळंबीत गूळ. वडील श्रावण पाळत नसत, पण घरातल्या भांड्याला माशाचा हात लागता कामा नये हे ते पाळत. म्हणून ते गॅलरीत उभे राहून डब्यातूनच पावाला लावून खात. आई पाठ फिरवून काहीतरी निवडत बसे. आतून आजीचा आवाज यायचा, "गुळाचो वास येता." कोळंबीच्या वासाबद्दल मात्र ती कधीच काही बोलली नाही, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. वडिलांनी पावाचा एक तुकडा, त्यावर एक कोळंबी, असं माझ्या हातावर ठेवलं. जिभेवर आधी गूळ आला, त्याच्या पाठोपाठ जबड्याच्या कोपऱ्यांत कळ यावी असं आंबट. आणि बरं चाललंय म्हणेपर्यंत तिखट, जरा उशिराने, पण मुक्कामाला आल्यासारखं. या तिन्हींच्या खाली कोळंबी होती आणि ती हरवली नव्हती. आजीच्या युक्तिवादाप्रमाणे ती हरवायला हवी होती.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही तर दोन्ही घरांची रीत. आईने त्यात खोबऱ्याच्या वड्या भरल्या. पुढच्या वर्षी डबा पुन्हा आला.

पुलंच्या पेस्तनकाकांनी पारशी माणूस मराठी घरात आणून बसवला. त्याचं जेवण मात्र आपल्याकडे फारसं आलं नाही. धनसाक तेवढं माहीत असतं, तेही हॉटेलातलं. ते आपण पारशांच्या सणाचं जेवण समजतो, आणि तिथेच फसतो. धनसाक शुभदिनी करत नाहीत. घरात मृत्यू झाला की काही दिवस सामिष वर्ज्य असतं, ते चौथ्या दिवशी धनसाकाने सुटतं. म्हणून वाढदिवसाला, नवरोजला, कुठल्याही सगनच्या, म्हणजे शुभ, दिवशी ताटात असतं ते धान-दार आणि पातियो. साधा पांढरा भात, साधं पिवळं वरण आणि त्याच्या कडेला हा गडद तांबडा, आंबट-गोड-तिखट ऐवज. दादरच्या पारशी कॉलनीपासून शिवाजी पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इतक्या जवळ राहून आपण त्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा धनसाकाचं नाव घेऊन देतो.

कोळंबी मुळातच गोड असते. हे मी भारावून म्हणत नाही, त्याला कारण आहे. समुद्राचं पाणी खारट. त्यात राहणाऱ्या जिवाच्या अंगातलं पाणी ते खारं पाणी बाहेर ओढू बघतं. मासे त्यावर वेगळा इलाज करतात. कोळंबी आणि खेकडे आपल्या पेशींमध्ये काही द्रव्यं साठवून बाहेरच्या खाऱ्याशी तोल राखतात. त्या द्रव्यांत ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल बरंच असतं, आणि ग्लायसिन जिभेला गोड लागतं. पाणी जितकं खारं तितका हा साठा अधिक. म्हणजे कोळंबीची गोडी ही समुद्राच्या खारेपणाला दिलेलं उत्तर आहे. आजीला हे सांगता आलं असतं तर ती म्हणाली असती, मग वर आणखी गूळ कशाला? बरोबर आहे. त्याकडे येतो.

हे कळल्यापासून बाजारातल्या एका कोड्याचाही उलगडा झाला. आता वर्षभर मिळणारी, एकसारख्या मापाची, दिसायला देखणी अशी कोळंबी शिजवली की नुसती कुरकुरीत लागते, तिला बोलतं करायला मसालाच लागतो. ती व्हेनामी. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्याकडे तिच्या व्यापारी शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि बघता बघता आंध्रातल्या तळ्यांनी देशाची कोळंबीशेती व्यापून टाकली. कमी खाऱ्या पाण्यातही ती मजेत वाढते, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचा मोठा गुण. खाणाऱ्याच्या दृष्टीने तोच अवगुण. खारंच नाही तर ती गोडी कशासाठी साठवेल? मी तिला नावं ठेवत नाही. पावसाळ्यात, बोटी बंद असताना तीच असते, आणि तिच्यावर हजारो घरं चालतात. पण पातियोसाठी मी तिच्याकडे वळत नाही. गुळाशी गाठ आहे. स्वतःची गोडी नसलेली कोळंबी गुळात टाकली की नुसता गूळच उरतो. त्या बाबतीत आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, फक्त तिला व्हेनामी माहीत नव्हती.

बाटलीतला तो लालभडक गोड-तिखट सॉस ओतून केलेली हॉटेलातली कोळंबी मात्र मी खुशाल नावं ठेवून खातो. ती आधीही गोड लागते आणि शेवटीही गोडच. मधलं काहीच घडत नाही.

माहीमच्या गोपी टँक मार्केटात मी ज्या मावशींकडे घेतो त्या कोळंबी अजून वाट्यावर विकतात, कुणी किलोचा भाव विचारला की चेहराच बदलतो. "दर्याची हाय दादा, तल्यातली नाय. हात लाव, हात लाव." हात लावायचा तो डोक्याच्या सांध्याला. डोकं धडाला घट्ट धरून असलं, कवच अंगाला चिकटून असलं, की बाकी बघायला नको. डोक्याजवळ काळसर झाक दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नये. चिरलेलं वांगं काळं पडतं तसलाच तो प्रकार, कवचाखालच्या द्रव्याचा हवेशी संबंध आल्यामुळे होणारा. वास मात्र खोटं बोलत नाही. अमोनियाची जरा जरी चुणूक आली, तर मावशी कितीही ओळखीच्या असोत, पुढे चालू लागावं.

डोकी लगेच काढावीत. कोळंबीच्या डोक्यात तिचे पाचकरस असतात; तिच्या मरणानंतरही ते आपलं काम सोडत नाहीत आणि मानेजवळचं मांस पिठूळ करत जातात. मावशी विळीवर बसून हे काम इतक्या भराभर करतात की बोटं दिसत नाहीत. मी तरी सोलायची घरी आणतो. पायांच्या बाजूने अंगठा घालून कवच फिरवलं की ते सदऱ्यासारखं निघून येतं. मग पाठीवर उथळ चीर, आणि सुरीच्या टोकाने तो काळा दोरा. ती तिची आतडी. काही जण ती ठेवतात. मी ठेवत नाही, वाळू दाताखाली येते म्हणून, दुसरं कारण नाही. डोकी-कवचं टाकायची नाहीत. थेंबभर तेलात ती परतली की केशरी होतात आणि तेलही केशरी करतात. जिवंतपणी करडी-हिरवट असणारी कोळंबी शिजल्यावर लाल होते त्यामागेही हाच रंग आहे, ॲस्टाझँथिन. एरवी ते एका प्रथिनाच्या मिठीत असल्यामुळे निळसर दिसतं. उष्णतेने मिठी सुटते आणि खरा रंग बाहेर येतो. त्या परतलेल्या कवचांवर दोन वाट्या पाणी घालून उकळायचं आणि गाळून ठेवायचं. पातियोत हे कवचांचं पाणी घाला असं आंटींनी कधी सांगितलं नव्हतं. ही माझी आगळीक.

आंटींची कृती मला वडील गेल्यानंतर मिळाली. तेव्हा त्या बऱ्याच थकल्या होत्या. त्यांनी मापं सांगितली ती अशी: मिरच्या "लाल दिसेपर्यंत", लसूण "जरा जास्ती, मग अजून थोडी", गूळ "सुपारीएवढा, पण सुपारी मोठी घे". सिरका किती, असं विचारल्यावर म्हणाल्या, "नाक सांगते ना, डिकरा."

मी घेतो ते बेडगी मिरची रंगाला, चार-दोन संकेश्वरी तिखटाला. भिजवून लसूण, जिरं आणि सिरक्याबरोबर वाटायच्या. सिरका उसाचा. नवसारीला कोलाह यांचा १८८५ पासूनचा कारखाना आहे, पारशी स्वयंपाकघरात आंबटाचा शेवटचा शब्द त्यांच्या बाटलीचा असतो. साधा पांढरा, रसायनाचा सिरका इथे चालत नाही. तो नुसता झोंबतो. कांदा बारीक चिरून तेलात तपकिरी होईपर्यंत. हे काम घाईचं नाही, कांदा निम्म्याच्याही खाली बसला पाहिजे. मग वाटण. वाटण कच्चं असताना त्याचा वास घशात जातो, खोकला येतो, खिडक्या उघडाव्या लागतात; हळूहळू तो वास नाकातून उतरून पोटाकडे जाऊ लागतो, तेव्हा ते शिजलं समजावं. टोमॅटो थोडेच, धणे-जिऱ्याची पूड, कवचांचं गाळलेलं पाणी. आणि मग गूळ.

गूळ पडल्यावर कढईत जे होतं ते बघण्यासारखं असतं. आधी रस्सा सैल पडतो, जणू सगळं बिघडलं. बुडबुडे बारीक असतात ते मोठे आणि सुस्त होतात, फुटताना फट् असा आवाज करतात. रंग विटकरी होता तो काळपट माणकासारखा व्हायला लागतो. डाव फिरवला की मागे वाट राहते आणि लगेच बुजते. नंतर ती बुजायला वेळ लावते. मग कडेने तेल सुटतं. या क्षणी चाखून बघायचं, आणि इथेच सगळा निकाल असतो. नुसतं गोड लागलं तर सिरका कमी. कानशिलं तापली तर गुळाचा आणखी एक खडा. साखर मिरचीची आग खरोखरच शमवते, म्हणून तर ठसका लागल्यावर पोराच्या तोंडात आपण साखर घालतो. आणि गोड, आंबट, तिखट यांतलं आधी काय लागलं हे सांगता येईनासं झालं, तर हात थांबवावा.

कोळंबी या सगळ्यात सर्वांत शेवटी. हळद-मीठ लावून बाजूला ठेवलेली ती उकळत्या रश्श्यात टाकायची आणि समोरून हलायचं नाही. दोन-तीन मिनिटं. ती अर्धगोल वळली की झाली. शेपूट मानेला टेकून पुरतं वेटोळं झालं, म्हणजे ती रबराची झाली. जुन्या पारशी घरांत ती रश्श्याबरोबर बराच वेळ शिजवत, असं मी पाहिलं आहे. त्यांना ती चिवट आवडत असावी, किंवा दात चांगले असावेत.

यात नारळ नाही. माझ्या नात्यातल्या मंडळींना खरा धक्का गुळाचा बसत नाही, तो याचा बसतो. गूळ एकवेळ पोटात घालतील, पण कोळंबीच्या रश्श्यात नारळाचा किसही नाही म्हटल्यावर ती ताटाकडे संशयाने बघतात. आणि या निमित्ताने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आजी गुळावर पहारा करत होती, पण किनाऱ्यावरच्या घराघरांतली सीमा गुळाने आखलेली नव्हतीच. ती आंबटाने आखली होती. आमच्याकडे कोकम, कैरी, चिंच. गोव्यात हिंदूंच्या घरी सोलं आणि ख्रिस्ती घरी माडाच्या सुरेचा सिरका. पारशाकडे उसाचा सिरका. कुणाच्या कालवणात काय आंबट पडतं यावरून माणसाचं देऊळ, चर्च की अग्यारी हे ओळखता आलं असतं. गूळ बिचारा उगाच बदनाम झाला.

सिरका आणि गोड यांची जोडी इराणात फार जुनी. सासानी बादशहांच्या काळापासून तिथे सिकबाज नावाचं कालवण होतं, सिरक्यात शिजवलेलं मांस, त्यात मध किंवा खजुराची काकवी. खुस्रो अनुशिरवानच्या ते आवडीचं होतं अशा कथा आहेत. पुढे अरबांबरोबर ते पश्चिमेकडे गेलं, स्पेन-पोर्तुगालपर्यंत, आणि तिथे मांसाऐवजी मासे सिरक्यात मुरवू लागले. आता दुसऱ्या बाजूने बघा. इराण सोडलेले झरथुष्ट्री गुजरातच्या संजाण बंदरात उतरले. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले, आणि सिरक्याची सवय बरोबर घेऊन आले. इराणातून निघालेल्या आंबट-गोडाच्या दोन वाटा, एक जवळची, एक अर्धं जग फिरून आलेली, आणि दोन्ही पोचल्या त्या आपल्याच किनाऱ्याला. मधे अंतर किती, तर संजाणहून गाडीत बसावं आणि मडगावला उतरावं एवढं. मिरची तर पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणली. म्हणजे संजाणला उतरलेल्या पहिल्या पारशाने आंबट-गोड खाल्लं असेल, पातियो नाही. त्याला तिखटासाठी सोळाव्या शतकापर्यंत वाट बघावी लागली. दुधात साखर विरघळते तसे आम्ही मिसळून जाऊ, ही संजाणच्या राण्याला सांगितलेली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पारशांच्या आगमनाचा जुना काव्यग्रंथ 'किस्सा-ए-संजाण', त्यात ती नाही. लोकांनी ती नंतर घातली असणार, आणि घालताना साखरच सुचली हे मला त्यांच्या जेवणाकडे बघून नवल वाटत नाही. मिरचीचं मात्र त्या गोष्टीत कुणी नाव काढत नाही.

गोव्याचा बालशांव हा पातियोचा चुलतभाऊ. त्याचं मूळ मकाऊकडच्या, बारीक कोळंबी खारवून केलेल्या चटणीत सांगतात. गोव्यात तो सिरका, मिरची आणि साखर घालून बरणीत मुरवतात, आणि दर्या बंद असतो तेव्हा भाताबरोबर काढतात. पातियोही तसाच, कालवण आणि लोणचं यांच्या मधला. तारापोरी पातियो तर सुक्या बोंबलांचा करतात, तोही सिरका-गूळ घालून, आणि तो दिवसेंदिवस टिकतो. तारापूर म्हटलं की आपल्याला अणुवीज केंद्र आठवतं. पारशांना बोंबील आठवतो. पालघर जिल्ह्यात राहून ही गोष्ट मराठी माणसाला ठाऊक नसावी! सोडे वाळवून वर्षभर पुरवणाऱ्या सीकेपींनी तरी हा पदार्थ आपला म्हणून कधीच उचलायला हवा होता.

असा अर्धा लोणचं असल्यामुळेच पातियो नुसत्या भाताशी कालवून खाल्ला की काहीतरी चुकतं. तिखट-गोड दोन्ही अंगावर येतात. त्याला वरण लागतं, तुरीचं, हळद-मिठापलीकडे फार काही न घातलेलं. पारशी त्याला मोरी दार म्हणतात. गरम भात, त्यावर ते वरण, वर तूप, आणि कडेला चमचाभर पातियो. हे ताट मी पहिल्यांदा नीट वाढून घेतलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आपण लग्नकार्यात जे सर्वांत आधी वाढतो तेच हे. वरण-भात, तूप, आणि कडेला आंबट-गोड-तिखट लोणचं. फक्त लिंबाच्या जागी कोळंबी. खालच्या मजल्यावरच्या काकू आमसूल आणि गूळ थेट वरणात घालायच्या, आंटींनी ते वरणाबाहेर काढून कोळंबीला दिले. दोघी एकमेकींच्या हातचं कधी जेवल्या नाहीत. काकूंना कोळंबी चालली नसती आणि आंटींना गोडं वरण मचूळ वाटलं असतं.

आणि गुळाचा प्रश्न. कोळंबी जर गोडच आहे, तर वर गूळ कशाला? माझ्यापुरतं उत्तर असं: कोळंबीची गोडी हळू आवाजाची आहे. सिरका आणि मिरची आले की ती एकटी पडते. गूळ तिच्या बाजूने उभा राहतो. म्हणून तो सुपारीएवढाच हवा. नारळाएवढा झाला की तोच बोलू लागतो, ती गप्प होते.

आजीला हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही. बहुधा नसतंच. माझ्या बहिणीलाही पटत नाही, आणि ती बरीचशी आजीवर गेली आहे. ठाण्याहून येते, दोनदा वाढून घेते, पावाने ताट पुसते, आणि मग म्हणते, "चांगलं झालंय रे, पण यात ओलं खोबरं वाटून घातलंस तर काय बिघडेल?" मी म्हणतो, बरंच बिघडेल. ती म्हणते, आजी असती तर. मी म्हणतो, आजी असती तर श्रावणात तू इथे जेवत नसतीस. पुढच्या खेपेला ती स्वतः नारळ घेऊन येणार आहे, खवणीसकट, अशी धमकी आहे. आणू दे. कोकमं घरात आहेत, मी त्याची सोलकढी करीन.